दोन बादल्या पुंगळ्या: एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

ओहायोतल्या आमच्या रायफल क्लबात एक मराठी अभियंता आहे. ओळख लपवायची म्हणून त्याला अभियंताच म्हणू. त्याच्याकडे .३०८ विन्चेस्टर या काडतुसाच्या दोन रायफली आहेत. एक बोल्टची, म्हणजे दर बारानंतर मूठ हाताने ओढायची, एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेतल्या एफ-टीआर गटासाठी. या गटात .२२३ आणि .३०८ या दोनच काडतुसांना परवानगी आहे. दुसरी एम१ए, म्हणजे लष्करी एम१४ची नागरी आवृत्ती, अर्धस्वयंचलित. एरी सरोवराकाठच्या कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय सामने होतात. तिथे कधीतरी सर्व्हिस रायफल, म्हणजे लष्करी धाटणीची रायफल, घेऊन उतरायचं, हा त्याचा मनसुबा.

काडतूस तो घरीच भरतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला भरलं तर लागतो. भारतात हे सगळं १९५९च्या शस्त्र कायद्याखाली येतं, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे प्रकरण फक्त वाचावं.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काडतुसाचे भाग चार: गोळी, दारू, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) आणि पितळेची पुंगळी. पहिले तीन एकदाच वापरायचे. पुंगळी मात्र उचलून पुन्हा भरता येते. तिचं पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असं असतं. बार उडाला की ती फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब उतरला की किंचित आक्रसते. म्हणजे उडालेली पुंगळी ज्या चेंबरमधून आली त्याचं माप अंगावर घेऊन बाहेर पडते. या प्रकरणातला सगळा घोळ याच एका गोष्टीभोवती फिरतो.

आता खरेदी. गावाबाहेरच्या एका फार्मवर दिवंगत मालकाचं सामान विक्रीला होतं. त्यात अभियंत्याला दोन प्लॅस्टिकच्या बादल्या दिसल्या, दोन्ही अर्ध्याहून जास्त भरलेल्या. चिकटपट्टीवर लिहिलेलं: ‘.३०८, एकदाच उडवलेल्या’. वजन साठ पौंडांच्या आसपास. एका पौंडात ७,००० ग्रेन आणि एका पुंगळीचं वजन सरासरी १७५ ग्रेन धरलं, तर पौंडाला चाळीस, म्हणजे चोवीसशेच्या घरात नग. चांगल्या नव्या पुंगळीला इथे डॉलरच्या वर पडतात. याने दोन्ही बादल्या मिळून २४० डॉलर मोजले, म्हणजे नगाला दहा सेंट. घासाघीस करायचीही गरज वाटली नाही.

एकदाच उडवलेल्या, हे ठीक. कोणाच्या बंदुकीतून, हे चिकटपट्टीवर नव्हतं आणि सांगणारा माणूस राहिला नव्हता.

अडचण कशी उघड झाली

त्याने सुरुवात केली ती धुण्यापासून. वरच्या वर हाताला आलेल्या तीनेकशे पुंगळ्या कणसाच्या भुश्श्याबरोबर टंबलरमध्ये, म्हणजे घासून साफ करणाऱ्या यंत्रात, फिरवल्या. सोन्यासारख्या निघाल्या. मग वंगण लावून फुल-लेंग्थ डायमधून (पुंगळी दाबून मूळ मापावर आणणारा साचा) काढल्या, जुने प्रायमर पाडले, लांबी कापून २.००५ इंचांवर आणली आणि साठेक भरल्या. भरताना दारूचं माप तेच ठेवलं जे त्याच्या बोल्ट रायफलीत विन्चेस्टरच्या पुंगळ्यांवर पूर्वी पारखलेलं होतं. बुडावरची अक्षरं वाचली नव्हती. सगळ्या .३०८ आहेत, मग वाचायचं काय, असा विचार.

रेंजवर पहिले तीन बार नेहमीसारखे झाले. चौथ्याला बोल्टची मूठ वर येईना. तळहाताने ठोकून उघडावी लागली. पुढचा बार ठीक, त्याच्या पुढच्याला पुन्हा तेच. शेजारच्या बाकावर क्लबातले एक वृद्ध नेमबाज बसले होते. चाळीस वर्षं काडतुसं भरतायत, आम्ही आपसात त्यांना वस्ताद म्हणतो. मूठ ठोकल्याचा आवाज त्यांनी दुसऱ्यांदा ऐकला आणि उठून आले. रायफल रिकामी करायला लावली आणि उडालेल्या पुंगळ्या बाकावर ओळीने उभ्या केल्या.

बुडांवर वेगवेगळे ठसे निघाले. मूठ अडलेल्या दोन्ही पुंगळ्यांवर ‘एल सी’, वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि वर्तुळातली फुली. एल सी म्हणजे मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावचा लेक सिटी कारखाना, १९४१ पासून अमेरिकी लष्कराला छोट्या शस्त्रांचा दारूगोळा पुरवणारा. वर्तुळातली फुली नाटोची. म्हणजे या पुंगळ्या .३०८ विन्चेस्टर नव्हेत, ७.६२ नाटोच्या. ही दोन जुळी भावंडं आहेत: नागरी .३०८ बाजारात आलं १९५२ ला, नाटोने ७.६२ स्वीकारलं १९५४ ला. बाहेरून मापं जवळजवळ तीच, पण लष्करी पुंगळीची भिंत जाड. घरी काट्यावर ठेवल्यावर विन्चेस्टरची भरली १५७ ग्रेन आणि एल सीची १८०. बाहेरचा आकार चेंबर ठरवतो, तेव्हा जादा धातू आतली जागा खातो. जागा कमी, दारू तेवढीच, म्हणून दाब जास्त. प्रायमर चपटे झालेले दिसत होते ते त्यामुळे. .३०८चा कमाल दाबच ६२,००० पीएसआय (पौंड दर चौरस इंचाला) आहे, त्याच्या वर रेंगाळायची ही जागा नव्हे.

वस्तादांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अडलेल्या पुंगळ्यांपैकी एकीच्या बुडापासून बोटाच्या पेराच्या निम्म्या अंतरावर, भोवताली एक फिकट चकाकती रेघ. बाहेरून ओरखडा वाटावा इतकीच. त्यांनी खिशातून टोक वाकवलेली कागदाची टाचणी काढली, पुंगळीत उतरवली आणि आतून भिंतीवरून वर ओढली. रेघेपाशी टोक खाचेत अडकलं. भिंत ताणली जाऊन आतून पातळ झाली होती. अशीच एक-दोनदा आणखी उडवली असती तर बूड एकीकडे, धड चेंबरात आणि गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडे.

एकदा उडवलेल्या पुंगळीची ही अवस्था व्हायला नको होती. ती कुठून आली, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा विचारला गेला.

पहिला निर्णय: भरलेल्यांचं काय

पन्नासेक काडतुसं उरली होती. अभियंत्याच्या मनात होतं की ती एम१एमधून उडवून संपवावीत, लष्करी पुंगळ्या लष्करी धाटणीच्या रायफलीत शोभतील. ऐकायला बरं वाटतं, पण हा पर्याय सगळ्यात वाईट. अर्धस्वयंचलित रायफलीचा बोल्ट वायूच्या जोरावर लगेच मागे येतो, पुंगळी जोरात ओढून काढतो. पातळ भिंतीची पुंगळी तुटायला ते आयतं निमित्त. दुसरा पर्याय ठसे वाचून विन्चेस्टरच्या तेवढ्या उडवण्याचा. तोही सोडला, कारण पातळ भिंत विन्चेस्टरची असू शकत नाही असं कोणी सांगितलं होतं?

सगळी घरी नेऊन प्रेसवर गोळ्या उपसल्या. एका संध्याकाळचं काम. गोळ्या पुन्हा वापरात आल्या.

बादल्यांचे पर्याय

क्लबात यावर बरीच चर्चा झाली, अर्धी अनाहूत. तीन मार्ग होते.

एक, सगळं मोडीत घालून नव्या पुंगळ्या आणायच्या. दोन, सगळ्या पुंगळ्यांत दारू कमी घालून जवळच्या अंतराच्या सरावाला वापरायच्या. बऱ्याच जणांना हे शहाणपणाचं वाटलं, मला नाही. दारू कमी केल्याने दाब कमी होईल, पातळ झालेली भिंत जाड होणार नाही. तीन, निवडायच्या. वेळखाऊ आणि शेवटी किती हाती लागतील याची खात्री नाही.

तिसरा मार्ग ठरला आणि तो ठरण्याचं कारण पैसे नव्हतं. जवळपास दोन हजार ऐंशी पुंगळ्या अजून मळक्या होत्या, डायमधून गेलेल्या नव्हत्या. म्हणजे प्रत्येकीच्या अंगावर तिच्या चेंबरचं माप शाबूत होतं. आधी धुतलेल्या तीनशेंचं ते पुसलं गेलं होतं. फुल-लेंग्थ डाय खांदा (अंग आणि तोंडाकडची अरुंद मान यांमधला उतार) मागे ढकलते आणि अंग आवळते, त्यानंतर मशीनगनमधून आलेली पुंगळी आणि चांगल्या बोल्ट रायफलीतून आलेली पुंगळी शेजारी ठेवल्या तर व्हर्नियरला फरक कळत नाही. पातळपणा तसाच राहतो, फक्त झाकला जातो.

निवड

काम गॅरेजमध्ये हलवलं. याआधी टंबलर तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी फिरत होता, आणि घरात चार वर्षांचं मूल. प्रायमरच्या राखेत शिसं असतं, कोरड्या भुश्श्याची धूळ उडते तीत ते येतं. बायकोने हे वाचून काढलं आणि पहिल्याच दिवशी टंबलर बाहेर गेला. मुलाची रक्ततपासणी करून घेतली. इथे २०२१ पासून लहान मुलांसाठी ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर हा संदर्भ-आकडा आहे, त्याच्या बराच खाली निघाला. तरी हातमोजे आणि कामानंतर थंड पाण्याने साबण लावून हात धुणं, हे तिथून पुढे कायम झालं.

जुन्या चादरीवर बादली पालथी केली. पहिला फिरला लोहचुंबक. तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी पुंगळ्या मळक्या ढिगात पितळेच्याच दिसतात. मग विजेरी: तोंडातून आत पाहायचं. मधोमध एक भोक असेल तर बॉक्सर, नेहमीच्या डायच्या पिनेने प्रायमर पडतो. दोन बारीक भोकं असतील तर बर्डन, पिन तिथेच मोडते. मान अरुंद दिसली की .२४३ किंवा ७एमएम-०८, दोन्ही .३०८च्याच बुडावर बेतलेल्या. काही पुंगळ्यांचा प्रायमरचा खळगा लहान निघाला, त्याही बाजूला. मोठा प्रायमर त्यात बसत नाही आणि प्रेसवर हे भलत्या वेळी कळतं. या चाळणीत १७० गेल्या.

याच टप्प्यावर मी मदतीला होतो, आणि एक ठसा वाचून आम्ही दोघं थांबलो. ‘ओ एफ व्ही’. ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव, जिल्हा जळगाव. भारतीय ७.६२चा माल अमेरिकेच्या बाजारात येऊन गेलेला आहे, तेव्हा त्यात चमत्कार काही नाही. ढिगात .३०३च्या दोन ‘के एफ’ही होत्या, त्या खडकीच्या. अभियंत्याचे मामा भुसावळचे. त्याच्या मनात आलं, पुढच्या खेपेला वरणगावची एक पुंगळी त्यांच्यासाठी घेऊन जावी. मी म्हटलं, “अजिबात नको. शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. विमानतळावर सामानात रिकामी पुंगळी सापडली तर मामांना नाही, तुला भेटायला वकील येईल.” फोटो पाठवला, पुंगळी मोडीत गेली.

मग माना. सव्वादोनशेच्या वर पुंगळ्या तडकलेल्या किंवा चेपलेल्या होत्या. चेपलेल्या समजू शकतो, अर्धस्वयंचलित रायफली पुंगळ्या भिरकावतात. पण मानेवर उभ्या बारीक भेगा इतक्या जणींना कशा? वस्तादांनी उलट विचारलं: बादल्या कुठे ठेवलेल्या होत्या? तबेल्याला लागून असलेल्या खोलीत. त्यांनी मान डोलावली.

यामागची गोष्ट आपल्याकडचीच आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्कराची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली जायची आणि न उडवताच माना फुटायच्या. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि ओढून-ताणून आकार दिलेल्या पितळेत अडकलेला ताण, तिघांची ती करणी. कारण नीट उलगडलं १९२१ मध्ये. ताण काढायचा उपाय म्हणजे पितळ तापवून मऊ करणं, आणि लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते ती त्या तापवण्याची. पण बार उडाला, पितळ पुन्हा ताणलं गेलं, की ते संरक्षण पूर्वीसारखं राहत नाही.

यातून एक धडा लगेच घेतला गेला. भांड्यांच्या नेहमीच्या पॉलिशने पुंगळ्या चमकवायचा बेत त्याने आखला होता. अशा पॉलिशांत बरेचदा अमोनिया असतो. तो बेत रद्द. त्याची आई तेव्हा इथे आलेली होती, तिने चिंच सुचवली. ती विनोद करत नव्हती. आम्ही वापरलं सायट्रिक आम्ल, भांड्यांच्या साबणाबरोबर, पोलादी पिनांच्या ओल्या टंबलरमध्ये. चिंचेचं आम्ल वेगळं, काम तेच. चिमूटभर पुरतं. एक घाणा लोभाने जास्त वेळ ठेवला तर पुंगळ्या तांबूस-गुलाबी होऊन निघाल्या: पृष्ठभागावरचं जस्त आम्लाने ओढून घेतलं होतं.

मोजमाप, आणि रेघ कुठे मारायची

उरल्या १,६८०. त्यात लेक सिटीच्या साडेअकराशे, विन्चेस्टरच्या २६०, बाकी चार-पाच कंपन्यांच्या आणि परदेशी लष्करी. बाकीच्या पावणेतीनशेच्या आसपास होत्या, त्या सरळ बाजूला ठेवल्या. कोणत्याच ठशाच्या इतक्या नव्हत्या की त्यांच्यासाठी वेगळं दारूचं माप पारखत बसावं.

लेक सिटीच्या पुंगळ्यांचं बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरला कम्पॅरेटर (खांद्यावर टेकणारं जोडसाधन) लावून मोजलं. .३०८च्या चेंबरला हे अंतर किमान १.६३० इंच, १.६३४चा गेज (मापाचा ठोकळा) आत जाऊ नये आणि १.६३८चा गेला तर रायफल वापरातून काढायची. नाटो चेंबरची मापं याहून ऐसपैस. मशीनगनमध्ये आणखी मोकळीक ठेवलेली असते, मळ आणि उष्णतेतही ती चालत राहावी म्हणून. आणि मोजणीत पुंगळ्यांचे आपोआप दोन गट पडले. एक १.६३१ ते १.६३५च्या मधला. दुसरा १.६३७च्या पुढे, काही तर १.६४१. मधे जवळजवळ कोणी नाही. दुसरा गट मशीनगनचा, यावर वाद झाला नाही. बुडाच्या जरा वरचा घेरही त्यांचा फुगलेला होता.

रेघ १.६३६वर मारली. पलीकडच्या ४८० मोडीत.

वस्तादांच्या एका मित्राचं म्हणणं पडलं की स्मॉल-बेस डायने (बुडाजवळ नेहमीपेक्षा जास्त आवळणारी डाय) या पुंगळ्याही आवळता येतात, लोक सर्रास करतात. येतात हे खरं. पण बुडाजवळचं पितळ एकदा पुढे ओढलं गेलं की डाय त्याला जागेवर परत आणत नाही, नुसता खांदा मागे रेटते. पुढच्या बाराला ते आणखी पुढे जातं. चेंबरात बसणं वेगळं, सुरक्षित असणं वेगळं.

६७० राहिल्या. त्या धुतल्या, स्मॉल-बेस डायमधून काढल्या. एम१एसाठी खांदा तिच्याच उडालेल्या पुंगळीपेक्षा ०.००३ ते ०.००४ इंच मागे. विन्चेस्टरच्या पुंगळ्या बोल्ट रायफलीसाठी ठेवल्या, त्यांना ०.००२ पुरतं. लष्करी पुंगळीचा प्रायमर कडेने ठोकून पक्का केलेला असतो, ती कडा काढल्याशिवाय नवा प्रायमर बसत नाही, बसवायला गेलं तर चेपतो. कड कापून काढायची की दाबून सपाट करायची, यावर फार वेळ घालवला नाही. कापताना हात जरा जड पडला की खळगा सैल होतो आणि पुंगळी वाया जाते. दाबण्याचं यंत्र घेतलं. गेजमध्ये न बसलेल्या आणि खळगा सैल निघालेल्या चाळीसेक गळाल्या.

मानांना ताव द्यायचा का, हा प्रश्न उरला होता. वस्ताद देतात: ड्रिलवर फिरवत टॉर्चच्या ज्योतीत मान धरायची, ठराविक तापमानाला वितळणारं रंगद्रव्य खूण म्हणून लावायचं, आणि बूड कधीही तापू द्यायचं नाही. मऊ झालेलं बूड दाब पेलत नाही. अभियंत्याने या फेरीत ताव दिला नाही. हात बसलेला नाही आणि चूक झाली तर ती दिसणार नाही, हे त्याचं कारण मला पटलं.

वजनावरून आणखी बारीक वर्गवारी करायची त्याला हौस होती. वस्तादांनी दहा पुंगळ्या तोंडापर्यंत पाण्याने भरून आतली जागा मोजायला लावली. वजनाने लावलेला क्रम आणि पाण्याने लावलेला क्रम नीट जुळेना: थोडं वजन बुडाच्या खोबणीत आणि कडेत असतं, त्याचा आतल्या जागेशी संबंध नाही. ठसा आणि वर्ष यांवर थांबायचं ठरलं. एम१एसाठी हे बरोबर. लांब पल्ल्याच्या एफ-टीआरसाठी मी निदान टोकाच्या हलक्या-जड काढल्या असत्या.

आधीच्या तीनशेंचं काय झालं

सगळ्यात अवघड निर्णय हा होता. धुतलेल्या, आवळलेल्या, कापलेल्या, चकचकीत, सगळी मेहनत झालेल्या. त्यांत लेक सिटीच्या दोनशे, विन्चेस्टरच्या शंभर. माप पुसलेलं.

टाचणीने तपासणं हा पर्याय होता. पण टाचणीला खाच लागते ती भिंत बरीच ताणली गेल्यावर, सुरुवातीचा पातळपणा तिला कळत नाही. म्हणून लेक सिटीच्या दहा निवडल्या आणि हॅकसॉने उभ्या चिरल्या. काप कानशीने साफ करून भिंगाखाली धरले. निरोगी पुंगळीत भिंत बुडापासून तोंडाकडे सारखी निमुळती होत जाते. दहांपैकी चारांत त्या उतारावर मधेच एक खळी होती, नखाच्या टोकाला जाणवेल इतकी. त्या चारांपैकी दोघींत टाचणी काहीच बोलली नव्हती.

लेक सिटीच्या दोनशे तिथल्या तिथे गेल्या. विन्चेस्टरच्या शंभरावर मतभेद झाला. मशीनगनच्या पट्ट्यात नागरी पुंगळी सहसा नसते आणि पाच चिरून पाहिल्या त्या निरोगी निघाल्या. मी ठेवल्या असत्या, टाचणी लावून, बोल्ट रायफलीपुरत्या. अभियंत्याने त्याही मोडीत घातल्या. पाच नमुन्यांवर पंचाण्णव नगांची हमी तो त्याच्या कारखान्यातही देत नाही, असं म्हणाला. माझ्याकडे यावर चांगलं उत्तर नव्हतं, पण शंभर पुंगळ्या गेल्याचं मला अजूनही खटकतं.

परिणाम

हाती लागल्या लेक सिटीच्या ६३० आणि विन्चेस्टरच्या २६०, एकूण ८९०. तीनातल्या एकीपेक्षा थोड्या जास्त. २४० डॉलर भागिले ८९०, म्हणजे नगाला सत्तावीस सेंट. कम्पॅरेटर, स्मॉल-बेस डाय आणि खळगा दाबायचं यंत्र वेगळं, पण ती हत्यारं राहतात. मोडीचे थोडे पैसे परत आले. भंगारवाल्याने एकच अट घातली, जिवंत प्रायमर एकही नको, म्हणून प्रत्येक पुंगळी पुन्हा बघून दिली.

लेक सिटीच्या पुंगळ्यांसाठी दारूचं माप खालून, सुरुवातीच्या आकड्यापासून नव्याने पारखलं. विन्चेस्टरसाठीचं आधीचं तसंच राहिलं. दोन्ही रायफलींत मूठ अडलेली नाही, प्रायमर चपटे झालेले नाहीत. आता डब्यांवर चिठ्ठ्या आहेत: ठसा, वर्ष, कोणत्या रायफलीतून, किती वेळा उडाल्या, खांदा किती मागे ढकलला. एम१एच्या पुंगळ्या चौथ्या फेरीनंतर टाचणी काही सांगो वा न सांगो, बाद करायच्या असं त्याने ठरवलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

विकत घेतानाच बादलीत हात खोल घालून वीस-तीस पुंगळ्यांचे ठसे वाचता आले असते. विक्रेत्याला दोन प्रश्न विचारता आले असते: कुठे ठेवल्या होत्या, आणि दिवंगत मालकाकडे कोणत्या रायफली होत्या. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच घरात, पलीकडच्या टेबलावर विक्रीला मांडलेलं होतं: एक बोल्टची .२७०, बस. .३०८ एकही नाही. पुंगळ्या त्या माणसाच्या नव्हत्याच, कुठून तरी आणलेल्या होत्या, हे तिथेच कळलं असतं. मग भाव नगावर नव्हे, मोडीवर ठरला असता.

धुण्याचा क्रम बदलायला हवा होता हे उघड आहे, पण त्याला एक मर्यादा आहे. फार मळलेल्या पुंगळीवर ठसा वाचता येत नाही आणि खांद्यावर चिकटलेली काजळी मापात हजारांश इंचाचा घोळ घालते. ओल्या फडक्याने पुसून घेणं पुरे होतं. टंबलरलाही हरकत नव्हती, तो माप बदलत नाही. हरकत डायला.

तळघरातला टंबलर हा एकच भाग असा, ज्याचं नुकसान पुंगळी मोडीत घालून भरून निघालं नसतं. त्याबद्दल क्लबात कोणी बोललं नव्हतं, वस्तादांनीसुद्धा नाही. त्यांचा स्वतःचा टंबलर गेली कित्येक वर्षं स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत होता. आता तो व्हरांड्यात आहे, आणि नव्या सभासदांना देतात त्या कागदावर शिशाबद्दल दोन ओळी वाढल्या आहेत. त्या अभियंत्याच्या बायकोने लिहून दिल्या.